खाचरातले तण

महाराष्ट्रात तणनियंत्रणाविषयी जे लिहिले आणि सांगितले जाते, त्याचा मोठा भाग सोयाबीन, कापूस आणि ऊस या पिकांच्या अनुभवावर आधारलेला आहे. सोयाबीनपुरते पाहिले, तर मराठवाडा आणि विदर्भाच्या काळ्या जमिनीत पेरणीनंतरचे साधारण १५ ते ४५ दिवस हा तणाच्या दृष्टीने नाजूक काळ मानला जातो. या काळात केना, लव्हाळा, कुंजरू यांसारखी तणे पिकाला वरचढ झाली, तर पुढे कितीही खुरपणी केली तरी घटलेले उत्पादन भरून येत नाही. म्हणून पेरणीनंतर दोन दिवसांच्या आत, तण उगवण्यापूर्वी, पेंडीमिथॅलिनसारखे औषध ओल्या जमिनीवर फवारायचे, पीक थोडे वर आल्यावर ओळींमधून बैलांचे कोळपे, विदर्भात ज्याला डवरा म्हणतात ते, चालवायचे, आणि सततच्या पावसाने वाफसा मिळाला नाही, म्हणजे औत चालण्याइतकी जमीन सुकली नाही, तर तण दोन ते चार पानांवर असताना इमॅझेथापायर फवारायचे, असा क्रम तेथे रूढ झाला आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील शेतकऱ्यापर्यंत कृषिसेवा केंद्रांतून, माहितीपत्रकांतून आणि मोबाइलवरील चित्रफितींतून बहुधा हाच क्रम पोहोचतो. परंतु तो ज्या शेतात उभा असतो, त्या शेताला त्यातील जवळजवळ एकही पायरी लागू पडत नाही.

या जिल्ह्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. सोयाबीनला मुळाशी साचलेले पाणी सोसत नाही आणि शेंगा वाळण्याच्या वेळी उघडीप लागते, त्यामुळे त्या पिकाला येथे फारसे स्थान मिळालेले नाही. उताराच्या वरकस जमिनीवर नाचणी आणि वरी, आणि बांध घालून पाणी अडवलेल्या सपाट तुकड्यांत, म्हणजे खाचरांत, भात, अशी खरिपाची जुनी विभागणी आहे. वाफशाची वाट पाहणे खाचरात निरर्थक ठरते, कारण येथे जमीन सुकावी अशी नव्हे, तर ती बुडालेली राहावी अशी अपेक्षा असते. या जमिनीत पिढ्यान्‌पिढ्या काम केलेल्यांचा अनुभव एकत्र ठेवला, तर असे दिसते की येथील तणाचा बंदोबस्त मुख्यतः तण दिसण्यापूर्वीच झालेला असतो. तो आगीने, चिखलाने, रोपाच्या वयाने आणि पाण्याने होतो, आणि या चौघांच्या हातून जे निसटते तेवढेच माणसाच्या हाताला काढावे लागते. अलीकडे बाजारात आलेली तणनाशकेही या चौघांची जागा घेत नाहीत, ती केवळ हाताची जागा घेतात, आणि हा भेद न ओळखल्यामुळेच त्यांच्याविषयीच्या बहुतेक तक्रारी निर्माण झालेल्या आहेत.

कामाला आरंभ उन्हाळ्यात होतो. भाताचे रोप, म्हणजे तरवा, ज्या तुकड्यात वाढवायचा त्याला जिल्ह्याच्या बऱ्याच भागात दाढ म्हणतात. या तुकड्यावर शेणाचा थर, त्यावर ऐन, किंजळ यांसारख्या झाडांच्या छाटलेल्या फांद्यांचा वाळलेला कवळ, त्यावर गवत आणि पातेरा, आणि सर्वांत वर मातीचा पातळ थर पसरून तो वाऱ्याच्या विरुद्ध बाजूने पेटवला जातो, म्हणजे आग भडकून पुढे पळत नाही, ती धुमसत राहते आणि जमिनीचा वरचा थर सावकाश भाजून निघतो. उत्तर कोकणात याच पद्धतीला राब म्हणतात, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस राबासाठी झाडे छाटण्याचा हक्क हा वनखाते आणि ठाणे-कुलाब्याचे शेतकरी यांच्यातील मोठ्या वादाचा विषय होता. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी आपल्या सहकाऱ्यांसह १९१२ मध्ये या पद्धतीचा रासायनिक अंगाने केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. तेव्हापासून आजवर भाजावळीची चर्चा बहुतांशी राखेतील अन्नद्रव्ये आणि जळणाऱ्या पालापाचोळ्याची नासाडी या दोन मुद्द्यांभोवती फिरत आली आहे, आणि या दोन्ही मुद्द्यांत तथ्य आहे. तथापि दाढीतून तरवा उपटणाऱ्या बाईला भाजावळीचा जो गुण सर्वांत आधी जाणवतो, तो या चर्चेत मागे राहतो: भाजलेल्या दाढीत तणाचे वरवरचे बी मेलेले असते, आणि म्हणून मुठीत येतो तो निव्वळ भाताचा तरवा असतो. न भाजलेल्या दाढीत भाताबरोबर गवताची रोपेही वाढतात, ती त्याच मुठीत बांधली जातात आणि लावणी करणारी माणसे पावसात, घाईत, ती भाताइतक्याच काळजीने चिखलात रोवतात. अशा रीतीने लावले गेलेले तण पुढे बेणणीच्या, म्हणजे हाताने तण उपटण्याच्या, वेळीही सुरक्षित राहते, कारण ते ओळीत, भाताच्या चुडात, भाताच्याच वयाचे असते. भाजावळ सोडून गादीवाफ्यावर रोप तयार करण्याची शिफारस योग्यच आहे, पण ती स्वीकारणाऱ्याने वाफ्यातील तण रोप लहान असतानाच वेचून काढण्याचे वाढीव काम आपल्याकडे घेतलेले असते, आणि शिफारस ऐकताना हे काम सहसा ऐकू येत नाही.

रोहिणी किंवा मृग नक्षत्रात दाढीत पेरणी होते, आणि तरवा तीन ते साडेतीन आठवड्यांचा होईपर्यंत खाचराची मशागत चालते. बैलांच्या नांगराने पहिली उभी नांगरट झाली की खाचर काही दिवस तसेच ओले सोडले जाई. त्या अवधीत जमिनीत वर आलेले तणाचे बी उगवे, आणि नंतरच्या आडव्या नांगरटीत व चिखलणीत ही कोवळी रोपे चिखलात गाडली जात. शेवटी गुठा, म्हणजे माणूस उभा राहून बैलांकडून ओढून घेण्याची लाकडी फळी, फिरवून खाचर पाण्याच्या पातळीने सपाट केले जाई. आता पॉवर टिलरने हे सगळे काम एका दिवसात होते. त्यातील सोय आणि वाचलेला खर्च निर्विवाद आहे, बैलजोडी वर्षभर पोसणे आज कोणालाही परवडणारे नाही, परंतु दोन नांगरटींमधील ते काही दिवस यंत्राबरोबर नाहीसे झाले आणि पहिल्या पावसाला उगवणाऱ्या तणाची जी एक पिढी फुकट मारली जात होती, ती आता लावणीनंतर, भाताच्या सोबत, उगवते. ज्यांनी टिलर दोनदा आणून मध्ये आठवडाभराचे अंतर ठेवले आहे, त्यांना बेणणीत पडलेला फरक जाणवतो. पण टिलर भाड्याचा असतो, त्याची वाट सगळी वाडी पाहत असते, आणि एकाच खाचरात तो दोनदा मिळणे आर्द्रा नक्षत्राच्या धांदलीत कठीण असते.

लावणी हे स्वतःच तणनियंत्रणाचे एक साधन आहे, ही गोष्ट इतकी उघड आहे की ती क्वचितच बोलली जाते. तीन आठवड्यांचे रोप नुकत्याच चिखललेल्या जमिनीत रोवले, की त्या जमिनीत उगवू पाहणाऱ्या तणापेक्षा भात तीन आठवड्यांनी पुढे असतो, आणि वर पाणी उभे असेल तर बहुतेक गवतांच्या बियांना उगवण्यापुरता प्राणवायूच मिळत नाही. पाण्याचा एक थर आणि वयातील हे अंतर यांच्या जोरावर पूर्वीची उंच वाढणारी मुणगा, वालय, पटणी यांसारखी भाते पुढे सावलीनेही तण दाबत. १९६६ मध्ये आयआर-८ आणि १९६८ मध्ये जया या बुटक्या जाती आल्यावर उत्पादन वाढले, खत पेलण्याची ताकद वाढली, भात लोळण्याचे प्रमाण घटले, पण सावलीचे हे साहाय्य मात्र कमी झाले. दापोलीला १९७२ मध्ये स्थापन झालेल्या कोकण कृषी विद्यापीठाने आणि रत्नागिरीजवळच्या शिरगाव येथील संशोधन केंद्राने या प्रदेशासाठी ज्या जाती दिल्या, त्यांत हळव्या, निमगरव्या आणि गरव्या अशा सर्व मुदतींच्या जाती आहेत. हळवी म्हणजे लवकर तयार होणारी जात वरच्या, पाणी न टिकणाऱ्या खाचरात आणि गरवी म्हणजे उशिरा तयार होणारी खालच्या मळ्यात लावायची, हा नियम पाण्यासाठी आहे, तसाच तो तणासाठीही आहे, कारण वरच्या खाचरात पाणी आटले की गवत उगवण्याची संधी साधते.

पाण्याचा थर राखणे हे बोलण्याइतके सोपे नाही. खाचर सपाट नसेल तर उंचवट्यावरची जमीन उघडी पडते, आणि श्रावणात ऊन-पावसाचा खेळ सुरू झाला की नेमक्या त्याच ठिकाणी लव्हाळा आणि गवत दाटते; शेतात तण कोठे आहे हे पाहून गुठा कोठे नीट फिरला नव्हता हे सांगता येते. बांधाला खेकड्याने भोक पाडले तर एका रात्रीत खाचर रिकामे होते, आणि म्हणून पावसाळ्यात सकाळी बांधावरून फेरी मारून चिखलाने भोके बुजवणे हे घरातील कर्त्या माणसाचे रोजचे काम असे. हा कर्ता माणूस आता पुष्कळ घरांत मुंबईला असतो, आणि बांधाची फेरी म्हाताऱ्या आईकडे किंवा सासूकडे आलेली असते. कृषिविषयक पुस्तकांत बांधाची ही फेरी पाणीव्यवस्थापनाच्या प्रकरणात येते, तणाच्या प्रकरणात येत नाही. प्रत्यक्षात ज्या वर्षी ती चुकते, त्या वर्षी बेणणी दुप्पट होते.

बेणणी म्हणजे भातातील तण हाताने उपटणे. देशावर ज्याला खुरपणी किंवा भांगलण म्हणतात, त्याच कामाचा हा चिखलातला प्रकार असला तरी त्यात खुरपे लागत नाही, कारण जमीन मऊ असते आणि मूळ बोटांनीच सुटते. पहिली बेणणी लावणीनंतर तीन-चार आठवड्यांनी, म्हणजे साधारण पुष्य-आश्लेषा नक्षत्रांत येते, आणि गरज पडल्यास दुसरी त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी. हे काम जवळजवळ सर्वत्र स्त्रियांचे आहे. पाठीवर पूर्वी पानांचे इरले असे, आता प्लास्टिकचा कागद असतो. कमरेत वाकून, दोन्ही हात पाण्यात घालून, चुडांच्या ओळींमधून मागे-पुढे सरकत दिवसभर हे काम चालते, आणि आठवडाभरात बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, म्हणजे सतत ओली राहिलेली कातडी सोलवटून चिरते. श्रमाचा हा भाग सर्वांना दिसतो. त्यात जे कसब आहे ते मात्र बाहेरच्याला दिसत नाही, आणि मजुरी ठरवताना तर ते कधीच मोजले जात नाही.

हे कसब ओळखण्याचे आहे. पाखड नावाचे गवत, जे भातखाचरातील सर्वांत त्रासदायक तणांपैकी एक आहे, फुलोऱ्यावर येण्यापूर्वी भातासारखेच दिसते. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने त्यांतील भेद निश्चित आहे: पान जेथे खोडाला बिलगते त्या सांध्यावर भाताला पातळ पांढरी जिभली आणि दोन्ही बाजूंना लहान केसाळ कर्णिका असतात, आणि पाखडाला या दोन्ही नसतात. परंतु पावसात, गढूळ पाण्यात, एका दिवसात हजारो चुडांना हात लावणारी बाई सांधा उघडून पाहत नाही. बुंध्याचा चपटेपणा, त्यावरची लालसर झाक, पानाच्या मधल्या शिरेचा पांढुरकेपणा, काही रोपांच्या पानांवरचे जांभळट आडवे पट्टे, आणि या सर्वांहून अधिक बोटांना लागणारा गुळगुळीतपणा यांवरून ती निवड करते, आणि ही निवड इतकी जलद असते की विचारले तर तिला ती शब्दांत सांगता येतेच असे नाही. या संदर्भात जीवशास्त्रातील एक नोंद लक्षणीय आहे. निकोलाय वाव्हिलोव्ह या रशियन शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखला जाणारा सिद्धांत असे सांगतो की, हाताने तण काढणाऱ्या शेतीत पिकासारखे दिसणारे तणच वाचते, त्याचेच बी पडते, आणि पिढ्यान्‌पिढ्यांनी तण पिकाचे रूप घेते. भाताच्या शेतातील पाखडाच्या कुळातील गवते हे त्याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण आहे. आशियातील भातशेतीत बेणणी करणाऱ्या स्त्रियांच्या नजरेने अशा रीतीने एक वनस्पतीच घडवली, असे म्हणणे शास्त्राला धरून आहे, आणि ती नजर आणखी तीक्ष्ण होण्याखेरीज त्यांच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता. देवभात, म्हणजे आपोआप उगवणारे रानटी भात, याहून कठीण असते, कारण ते भाताच्याच वंशातील आहे. लांब कुसळे बाहेर पडेपर्यंत ते ओळखणे अवघड जाते, आणि दाणा पिकताच गळत असल्याने कापणीपूर्वी त्याचे बी जमिनीत परत गेलेले असते.

उपटलेल्या तणाचे काय करायचे, हाही या प्रदेशातील वेगळा प्रश्न आहे. सोयाबीनच्या शेतात खुरपलेले तण ओळीत टाकले तर एक-दोन दिवसांच्या उन्हाने ते वाळून जाते. रत्नागिरीच्या आषाढ-श्रावणात टाकलेले तण वाळत नाही. केन्यासारख्या किंवा पेरांना मुळे फुटणाऱ्या गवतांसारख्या वनस्पती पडल्या जागी पुन्हा रुजतात. म्हणून ते एकतर मुठीने मुरगळून पायाने चिखलात खोल दाबले जाते किंवा वाहून बांधावर आणले जाते. बांधावर आणलेल्या गवतातून पूर्वी गोठ्यातल्या गुरांचा संध्याकाळचा चारा होई, आणि त्यामुळे बेणणी हा निव्वळ खर्च नव्हता. मजुरीचा काही भाग गवताच्या भाऱ्याने भरून निघे. टाकळा, कुर्डू यांसारखी बांधावरची आणि वरकस जमिनीवरची तणे तर पहिल्या पावसानंतर भाजी म्हणून घरात येत, अजूनही येतात. टिलर आल्यावर बैल गेले, माणसे कमी झाल्यावर दुभती गुरेही गेली, आणि तेच गवत कोणालाही नको झाले. बेणणी महाग झाली असे जे म्हटले जाते, त्यात मजुरीच्या वाढीइतकाच गवताची किंमत शून्य झाल्याचाही वाटा आहे.

मजुरीचा प्रश्न मात्र खरा आहे. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर १,००० पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या, आणि हा आकडा मुंबईला गेलेल्या पुरुषांच्या अनुपस्थितीचा आहे, हे जिल्ह्यात कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. चाकरमान्यांच्या पगारावर घर चालवायचे आणि स्त्रियांच्या श्रमावर शेत, ही व्यवस्था गिरण्यांच्या काळापासून चालत आली. अलीकडच्या दशकांत स्त्रियाही मुलांच्या शिक्षणासाठी शहराकडे गेल्या. ज्या राहिल्या त्यांना आंबा-काजूच्या बागांत आणि प्रक्रिया उद्योगांत भाताच्या बेणणीपेक्षा बरी आणि कोरडी मजुरी मिळते. एकमेकींच्या खाचरात आळीपाळीने जाऊन बेणणी उरकण्याची रीत त्यामुळे विरळ झाली, कारण अशा देवघेवीला वाडीत पुरेशी घरे शेती करणारी असावी लागतात.

हात कमी करण्याचे प्रयत्न नवीन नाहीत. १९५३ मध्ये देशभर सुरू झालेल्या जपानी भातशेतीच्या मोहिमेने दोरी धरून ओळीत लावणी आणि ओळींमधून ढकलण्याचे दातेरी चाकाचे कोळपे या दोन गोष्टी सांगितल्या. पुढे डॉ. नारायण सावंत यांनी प्रचारात आणलेल्या चारसूत्री पद्धतीत १५ आणि २५ सेंटिमीटर अशी आलटून-पालटून अंतरे ठेवून नियंत्रित लावणी करायची आणि दर चार चुडांच्या मध्यभागी युरिया-डीएपीची २.७ ग्रॅमची एक गोळी, म्हणजे ब्रिकेट, ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचायची, अशी व्यवस्था आहे. या गोळीचा विचार सहसा खताची बचत म्हणून केला जातो, पण तणाच्या दृष्टीनेही ती महत्त्वाची आहे, कारण फेकून दिलेला युरिया पाण्याच्या वरच्या थरात विरघळतो आणि उथळ मुळांचे तण त्यावर आधी पोसते, तर खोल खोचलेले नत्र भाताच्या मुळांना मिळते. दातेरी कोळपे मात्र रत्नागिरीत फारसे रुजले नाही, आणि त्याचे कारण शेतकऱ्याच्या पुराणप्रियतेत शोधण्यापेक्षा खाचराच्या आकारात शोधावे: दोन-तीन गुंठ्यांच्या, वाकड्या बांधांच्या तुकड्यात सरळ ओळ चार पावले जाते आणि वळते, वळणावर कोळपे उचलावे लागते, आणि ओले कोळपे उचलून एका खाचरातून दुसऱ्यात उतरण्यात जो वेळ जातो, तेवढ्यात हाताने बेणून होते.

तणनाशके या पार्श्वभूमीवर आली. लावणीनंतर पहिल्या आठवड्यात, तण उगवण्यापूर्वी, वापरायच्या औषधांत ब्युटाक्लोर आणि प्रेटिलाक्लोर ही नावे परिचित आहेत. ती वाळूत मिसळून पाण्यात फोकता येतात, त्यामुळे पंपही लागत नाही. ही औषधे पाण्यातून चिखलाच्या पृष्ठभागावर पसरतात आणि त्या थरातून वर येणारा कोंब मारतात, पण त्यासाठी खाचरातले उथळ पाणी दोन-तीन दिवस जागेवर राहावे लागते. पुनर्वसूच्या पावसात, ज्याला लोक तरणा पाऊस म्हणतात, वरच्या खाचराचे पाणी खालच्या खाचरात आणि तेथून पऱ्ह्यात, म्हणजे ओढ्यात, सतत उतरत असते, आणि त्याबरोबर औषधही उतरते. असे औषध वाया जाते इतकेच नव्हे, तर ब्युटाक्लोर माशांना अत्यंत विषारी आहे, आणि हा काळ चढणीच्या माशांच्या हंगामाला लागूनच येतो, जेव्हा ओढ्यातील मासे अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध खाचरांपर्यंत येतात. पावसाची उघडीप पाहून, बांधाचे तोंड बंद करून मगच औषध टाकावे, ही सूचना बाटलीवरील माहितीपेक्षा अधिक मोलाची आहे.

उगवलेल्या तणासाठी बिसपायरीबॅक सोडियम वापरतात आणि त्याची रीत नेमकी उलटी आहे. तण पाण्याबाहेर यावे म्हणून फवारणीपूर्वी खाचरातले पाणी काढावे लागते आणि दोन-तीन दिवसांनी पुन्हा भरावे लागते. पाणी पुन्हा भरले नाही तर नवे तण मोकळ्या चिखलात उगवते आणि औषध कुचकामी निघाल्याचा समज होतो. मात्रेची अडचण आणखी वेगळी आहे. हेक्टरी २५० मिलिलिटर ही मात्रा गुंठ्याला अडीच मिलिलिटर होते, म्हणजे १०० मिलिलिटरची बाटली एका एकराला पुरते. चार गुंठ्यांच्या खाचराला दहा मिलिलिटर औषध मोजण्याचे साधन घरात नसते. बाटलीच्या टोपणाने अंदाजे ओतले जाते, आणि कीटकनाशकासाठीचे शंकूच्या आकाराची फवार देणारे तोंडच पंपाला लावलेले असते, ज्याने पट्टा सारखा भिजत नाही. परिणामी एकाच खाचरात काही चुडे पिवळी पडतात आणि शेजारचे पाखड हिरवे राहते.

बिसपायरीबॅक आणि सोयाबीनमधील इमॅझेथापायर ही दोन्ही औषधे वनस्पतीतील एकाच विकरावर, म्हणजे काही अमिनो आम्ले घडवणाऱ्या एकाच प्रथिनावर, आघात करतात. फरक इतकाच की पहिल्याचे विघटन भात करू शकतो आणि दुसऱ्याचे सोयाबीन. म्हणून सोयाबीनचे औषध साध्या भातावर चालत नाही. भारतीय कृषी संशोधन संस्थेने २०२१ मध्ये इमॅझेथापायर सोसणाऱ्या बासमतीच्या दोन जाती दिल्या आहेत, पण त्या उत्तरेकडील थेट पेरणीच्या भातासाठी आहेत, कोकणातील खाचरांसाठी नाहीत. वर्षानुवर्षे एकाच विकरावर आघात करणारे औषध वापरले तर त्याला न जुमानणारे तण निवडले जाते, आणि हे सोयाबीनच्या पट्ट्याला जितके लागू आहे तितकेच भातालाही आहे. हाताने बेणताना झाली तशीच ही निवड आहे, केवळ ती अधिक वेगाने होते.

मजूर मिळत नाहीत म्हणून लावणीच सोडून देण्याकडे जो कल आहे, तो तणाच्या दृष्टीने सर्वांत मोठा बदल ठरतो. मोड आलेले बी चिखलात फेकण्याची रहू पद्धत कोकणात जुनी आहे, विशेषतः खाऱ्या जमिनीत. तिच्यात भात आणि तण एकाच दिवशी उगवतात आणि तीन आठवड्यांची आघाडी नाहीशी होते. रायगड जिल्ह्यातील नेरळ येथे चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेल्या सगुणा राइस तंत्रात चिखलणी आणि लावणी दोन्ही टाळून कायमच्या गादीवाफ्यांवर भात टोकला जातो आणि कापणीनंतर मुळे जमिनीतच ठेवली जातात. जमिनीच्या आरोग्यासाठी ही पद्धत मोलाची आहे, श्रमही पुष्कळ वाचतात, परंतु चिखल आणि उभे पाणी ही तण दाबण्याची दोन साधने सोडल्यामुळे ती तणनाशकावर अवलंबून राहते, आणि ग्लायफोसेटचा वापर परवानाधारक कीडनियंत्रकांमार्फतच करावा अशी अधिसूचना केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये काढल्यानंतर या अवलंबित्वाचा विचार अधिक गांभीर्याने करणे भाग आहे. पहिली दोन-तीन वर्षे हाताने तण काढण्याची तयारी असलेल्या घरालाच ही पद्धत निभावते, असे सध्या तरी म्हणावे लागते.

या सर्वांपेक्षा कठीण प्रश्न पड खाचरांचा आहे, कारण तो ज्याच्या शेतात तण आहे त्याच्या हातचा नाही. सातबाऱ्यावर अनेक नावे असलेला, हिस्से न पडलेला तुकडा कोणीच कसत नाही; पहिल्या वर्षी त्यात पाखड आणि लव्हाळा माजतात, बांध फुटून पाणी टिकेनासे झाले की काही वर्षांत रानमोडीची झुडपे येतात, ज्यांचे हलके, केसाळ बी वाऱ्याने दूरवर जाते. असा तुकडा उतारावर वरच्या बाजूला असेल, तर त्यातले गवताचे बी पाण्याबरोबर खालच्या प्रत्येक खाचरात उतरते, आणि खालच्या शेतकऱ्याने कितीही चोख बेणणी केली तरी दरवर्षी नवे बी येतच राहते. काही ठिकाणी यावर निघालेला मार्ग साधा आहे. गणपतीला चाकरमानी गावी आला की त्याच्याकडून तोंडी परवानगी घेतली जाते, आणि शेजारी पेट्रोलवर चालणाऱ्या ग्रासकटरने त्याच्या पड खाचरातले गवत कापून टाकतो; पेट्रोलचे पैसे कधी मालक देतो, कधी देत नाही. कापणी गवत पोटरीत असताना झाली पाहिजे, दाणा भरण्यापूर्वी, कारण कापलेले गवत आता गोठ्यात जात नाही, ते आंब्या-काजूच्या खोडांभोवती आच्छादन म्हणून पसरले जाते, आणि त्यात पिकलेले बी असेल तर तणाची जागा फक्त खाचरातून बागेत बदलते.